घरचे डॉक्टर आणि मुलांचा खोकला

नोव्हेंबर महिन्यातील रात्र. दिल्लीच्या मयूर विहारमधील एखाद्या सोसायटीत राहणारे मराठी कुटुंब. बाहेर धूर आणि धुके यांची दाट चादर पसरलेली, म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. तीन वर्षांच्या मुलाला संध्याकाळपासून खोकल्याची ढास लागली आहे. खोकून खोकून त्याने दोनदा उलटीही काढली. घरात वडीलधारे कोणी नाही. नवऱ्याला सकाळी सात वाजता नोएडाच्या ऑफिसला निघायचे आहे. शेवटी आई पुण्याला सासूबाईंना फोन लावते.

"आई, काय करू हो? अजिबात झोपत नाहीये तो."

"अगं, मागच्या हिवाळ्यात आणलेलं औषध असेल ना फ्रिजवर? दे त्यातलं चमचाभर. शांत झोपेल बघ."

बाटली सापडते. निम्मी भरलेली आहे. लेबलावर सिरप सांडल्यामुळे अक्षरे पुसट झाली आहेत. स्वयंपाकघरातला चमचा भरून औषध दिले जाते. अर्ध्या तासात मूल झोपी जाते आणि सगळेच सुटकेचा निःश्वास सोडतात.

असा प्रसंग कोणत्या घरात घडत नाही? यात आईचा हलगर्जीपणा नाही की सासूबाईंचे अज्ञानही नाही. मुलाचे हाल बघवत नाहीत, डॉक्टरांचा दवाखाना बंद झालेला असतो आणि हाताशी एक बाटली असते. पण याच चमच्याबद्दल तीन प्रश्न विचारायला हवेत. मुलाला औषधाची खरोखर गरज होती का? ते औषध त्याच्या वयाला चालण्यासारखे होते का? आणि बाटलीवर जे लिहिले होते तेच बाटलीच्या आत होते का?

तिसरा प्रश्न ऐकून अनेकांना हसू येईल. इतकी शंका घेतली तर जगायचे कसे? परंतु दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांनी या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली आहे.

गुडगावची ती मुले

१९९८ सालच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. दिल्लीतील दोन रुग्णालयांत एकामागून एक लहान मुले दाखल होऊ लागली. सर्वांची तक्रार एकच होती. लघवी बंद झाली होती. मूत्रपिंडांनी काम करणे थांबवले होते. १ एप्रिल ते ९ जून या काळात अशी ३६ मुले दाखल झाली. सर्वांत लहान बाळ दोन महिन्यांचे होते, तर सर्वांत मोठे मूल सहा वर्षांचे.

डॉक्टर चक्रावून गेले. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन शरीरातील पाणी कमी झाले, तर मुलांच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो हे सर्वांना ठाऊक असते. पण या मुलांच्या शरीरात पाण्याची कमतरता नव्हती. मग एखादा नवा जंतू आला की काय? रक्त आणि शौचाचे नमुने घेतले गेले. घरोघरी जाऊन चौकशी झाली. पिण्याच्या पाण्याची आणि कूपनलिकेच्या पाण्याचीही तपासणी करण्यात आली.

हळूहळू एक धागा हाती लागला. ३६ पैकी २६ मुले गुडगाव जिल्ह्यातील होती किंवा उपचारासाठी गुडगाव शहरात जाऊन आलेली होती. आज ज्याला आपण गुरुग्राम म्हणतो तेच हे शहर. या मुलांना सुरुवातीला झालेले आजार अगदी किरकोळ होते. थोडा ताप, थोडी सर्दी, काहींना पातळ जुलाब. त्यासाठी खासगी डॉक्टरांनी त्यांना औषधे दिली होती. कोणती औषधे? त्यांची नावे ठाऊक नव्हती.

अखेर गुडगावच्याच एका कंपनीने तयार केलेले कफ पातळ करणारे सिरप तपासण्यात आले. त्यात १७.५ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. हे रसायन औषध नव्हे, विष आहे. डायलिसिस आणि इतर सर्व उपचार करूनही ३६ पैकी ३३ मुलांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे.

किरकोळ सर्दी-तापाची मुले होती ती. काहीच औषध दिले नसते, तरी त्यांच्यापैकी बहुतेक मुले आठवडाभरात खेळू लागली असती.

गोड चवीचे विष

हे विष बाटलीत येते कसे? कोणी मुद्दाम तर घालत नसेल ना?

खोकल्याचे औषध पातळ आणि गोड असावे लागते. औषधी द्रव्य विरघळावे म्हणून त्यात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा सॉर्बिटॉलसारखे दाट द्रव पदार्थ घालतात. हे पदार्थ औषधासाठी शुद्ध केलेले असतील, तर ते ठरलेल्या प्रमाणात निर्धोक असतात. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला हुबेहूब त्यांच्यासारखेच असते. रंग नाही, वास नाही, चव गोड. मात्र ते कारखान्यांच्या कामाचे रसायन आहे. गाड्यांच्या ब्रेक ऑइलमध्ये आणि इंजिन गोठू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या द्रवात ते असते. शिवाय ते स्वस्तही असते.

ही द्रव्ये मोठमोठ्या पिंपांतून येतात, अनेक व्यापाऱ्यांच्या हातून फिरतात. वाटेत कोठेतरी स्वस्त माल महागाच्या नावाने विकला जातो किंवा कारखान्याच्या दर्जाचे पिंप औषधाच्या कामी लावले जाते. औषध बनवणाऱ्याने प्रत्येक पिंपातील नमुना तपासला, तर ही चूक दारातच पकडली जाते. न तपासता पिंप ओतले, की विष थेट बाटलीत उतरते. मान्य मर्यादा ०.१ टक्का एवढीच आहे. गुडगावच्या सिरपात ती जवळजवळ पावणेदोनशे पट ओलांडलेली होती.

पोटात गेल्यावर हे रसायन मूत्रपिंडे निकामी करते. आधी उलट्या होतात, पोट दुखते. मग लघवी कमी होत होत बंद पडते. मूल सुस्त पडते. ही लक्षणे इतकी साधी असतात, की पालकांना वाटते मूळचा आजारच वाढला. मग ते काय करतात? त्याच बाटलीतला आणखी एक चमचा देतात.

जगाला हे विष नवीन नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच, १९३८ मध्ये, तेथे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचा कायदा झाला. मुंबईकरांनाही हे दुःख ठाऊक आहे. १९८६ साली सर जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण प्राणास मुकले. त्या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली आणि औषधांच्या खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सारा गलथान कारभार चव्हाट्यावर मांडला. त्यानंतर बारा वर्षांनी गुडगाव घडले.

धडा मिळूनही

गुडगावनंतर तरी हे थांबायला हवे होते. तसे झाले नाही.

५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एक इशारा प्रसिद्ध केला. आफ्रिकेतील गांबिया या छोट्याशा देशात मूत्रपिंडे निकामी होऊन ६६ मुले दगावली होती आणि तेथे सापडलेल्या चार सिरपांमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल व एथिलीन ग्लायकॉल आढळले होते. ही सिरपे दिल्लीला लागून असलेल्या सोनिपतमधील कंपनीची होती. कंपनीने दोष नाकारला. आपल्याकडे ठेवलेले नमुने निर्दोष निघाले, असे भारत सरकारनेही सांगितले. जागतिक आरोग्य संघटना मात्र आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये उझबेकिस्तानातून बातमी आली. सुरुवातीला १८ मुलांच्या मृत्यूची नोंद झाली, पुढे हा आकडा बराच वाढला. तेथील सिरप नोएडाच्या कंपनीचे होते. २०२३ च्या मार्चमध्ये त्या कंपनीचा परवाना रद्द झाला.

उझबेकिस्तानच्या आरोग्य मंत्रालयाने तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली. प्रत्येक पालकाने ती वाचण्यासारखी आहे. बहुतेक मुलांना हे सिरप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, घरच्या घरी दिले गेले होते. कोणी स्वतःच्या मनाने दिले, तर कोणी औषधाच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून. सर्दीवर उतारा म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, दोन ते सात दिवस, आणि तेही ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त. ताश्कंदची आई आणि मयूर विहारची आई यांच्यात फरक तो काय?

या घटनांनंतर परदेशी पाठवल्या जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपांची सरकारमान्य प्रयोगशाळेत आधी तपासणी झालीच पाहिजे, असा नियम १ जून २०२३ पासून लागू झाला. पण तो निर्यातीच्या मालापुरता होता. देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचे काय? याचे उत्तर दोन वर्षांनी छिंदवाड्यात मिळाले.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांना अखेरच्या उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या सिरपात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे तपासणीत आढळले. म्हणजे बाटलीतील जवळजवळ निम्मा भाग विषाचा. येथे मुलांना औषध डॉक्टरांनीच लिहून दिले होते, हेही खरे. म्हणूनच दोष एकट्या आईबापांच्या माथी मारता येणार नाही. कारखाना, सरकारी तपासणी यंत्रणा, डॉक्टर, दुकानदार अशी ही लांबलचक साखळी आहे. या साखळीत आई सर्वांत शेवटी उभी असते आणि बाटली उघडायची की नाही, हे ठरवणे तेवढे तिच्या हाती असते.

औषध शुद्ध असले तरी

"आम्ही नामांकित कंपनीचेच औषध आणतो," असे म्हणून काही जण निश्चिंत होतील. पण औषध शंभर टक्के शुद्ध असले, तरी दुसरा प्रश्न उरतोच. ते मुलाच्या वयाला चालते का?

२०२१ मध्ये दिल्लीच्या कलावती सरण बाल रुग्णालयात १६ मुले औषधाच्या विषबाधेमुळे दाखल झाली. त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. त्यांना दिलेल्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन होते. कोरडा खोकला दाबण्यासाठी हे द्रव्य सर्रास वापरले जाते. मोठ्यांना ते चालते. लहानग्यांना मात्र त्याने गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. चार वर्षांखालील मुलांना हे औषध देऊ नये, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा दिल्ली सरकारला कळवले.

सर्दीच्या सिरपात हमखास आढळणारी दुसरी जोडी म्हणजे क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन. पहिल्याने झोप येते, दुसऱ्याने चोंदलेले नाक मोकळे होते असे मानले जाते. या जोडीच्या औषधांवर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असा स्पष्ट इशारा छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. छिंदवाड्याच्या घटनेनंतर, ३ ऑक्टोबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने याहून पुढचे पाऊल टाकले. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत व दुकानातूनही देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत, असा तो सल्ला आहे.

मग या औषधाने मूल शांत होते ते कसे? बहुतेक वेळा खोकला बरा झालेला नसतो, मुलाला गुंगी आलेली असते. आपल्याकडे हे काही नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक बाया पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या बाळाला अफूची 'बाळागोळी' देत. दिवसभर रडणाऱ्या बाळाकडे बघायला घरी कोणी नसे आणि खाडा झाला तर मजुरी जाई. त्या बायांना आपण आज नावे ठेवत नाही, त्यांची लाचारी आपल्याला समजते. पण बाळ निजले म्हणजे बरे झाले, हा त्या काळचा समज आपण सिरपाच्या बाटलीत आजही जपून ठेवला आहे.

घरच्या डॉक्टरकीत आणखी दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक तापाच्या औषधाची. सर्दी-खोकल्याच्या अनेक सिरपांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. ताप आहे म्हणून आई पॅरासिटामॉलचे वेगळे सिरपही देते. नावे दोन, बाटल्या दोन, पण पोटात एकच औषध दुप्पट जाते. असे वारंवार झाले तर यकृताला इजा पोचते.

दुसरी चूक थेंबांची. तान्ह्या बाळांसाठी पॅरासिटामॉलचे जे ड्रॉप्स मिळतात, त्यांत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपात जवळपास तेवढेच औषध पाच मिलिलिटरमध्ये असते. बाळांचे औषध सौम्य असणार, असे समजून कोणी ड्रॉप्सचा चमचा भरून दिला, तर मुलाच्या पोटात जवळजवळ पाचपट औषध जाते. स्वयंपाकघरातील चमचेही सारखे नसतात. कोणात तीन मिलिलिटर मावते, तर कोणात सात.

खोकला शत्रू नव्हे

आता पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. औषधाची गरज होती का?

श्वासनलिकेत जमलेला कफ, धूळ किंवा जंतू बाहेर फेकण्यासाठी शरीराने केलेली धडपड म्हणजे खोकला. तो राखणदारासारखा आहे. चोर शिरला म्हणून कुत्रा भुंकत असेल, तर कुत्र्याचे तोंड बांधून उपयोग काय? मुलांची बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते आणि ती आपोआप बरी होते. नाक वाहणे, ताप ही लक्षणे आठवड्याभरात ओसरतात, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. अँटिबायोटिकचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही. त्यामुळे "मागच्या वेळी डॉक्टरांनी दिले होते" म्हणून तेच पुन्हा आणण्यातही अर्थ नसतो.

मग मुलाला तसेच खोकू द्यायचे? नाही. त्याला आराम वाटावा म्हणून बरेच काही करता येते. एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक लहान चमचा मध द्यावा. घशाला आराम पडतो आणि रात्रीचा खोकला कमी होतो, हे अभ्यासांतूनही दिसून आले आहे. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. मधात कधीकधी असे जंतू असतात, की जे तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. जन्मल्याबरोबर मधाचे बोट चाटवण्याची आपली प्रथा म्हणूनच सोडून द्यायला हवी.

कोमट पाणी, वरणाचे पाणी, मुगाचे कढण असे पातळ पदार्थ थोडेथोडे देत राहावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला अधिक वेळा पाजावे. नाक चोंदले असेल, तर दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालावेत. त्यात औषध नसते, पण श्वास मोकळा होतो आणि मूल दूध ओढू शकते.

आजीबाईच्या बटव्यातले सगळेच निर्धोक असते असे नाही, हेही लक्षात ठेवावे. कापूर पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात. कापूर असलेले मलम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये आणि कोणत्याही मुलाच्या नाकपुडीत घालू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देताना भाजण्याचे अपघात होतात. छाती भरली म्हणून चमचाभर ब्रँडी पाजण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. ती कायमची बंद करावी.

दिल्लीकरांसाठी आणखी एक गोष्ट. येथे नोव्हेंबर ते जानेवारी हवाच आजारी असते. अशा वेळी धूर घरातून हटवणे हाच मोठा उपचार ठरतो. मुलाच्या खोलीत डासांची कॉइल, उदबत्ती, धूप जाळू नये. घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये. बंद खोलीत शेगडी तर मुळीच पेटवू नये. तिच्या धुराने खोकला वाढतोच, शिवाय विषारी वायू साचून जीवही जाऊ शकतो.

आणि मूल दर हिवाळ्यात रात्री-पहाटे खोकत असेल, धावल्यावर त्याला ढास लागत असेल, तर ही केवळ सर्दी नसून बालदमा असू शकतो. त्यावर नाकातोंडाने ओढून घेण्याचे चांगले उपचार आहेत. बाटलीमागून बाटली देत राहिल्याने हे निदान लांबते.

तेव्हा मात्र थांबू नका

घरी थांबून वाट पाहणे आणि दुर्लक्ष करणे यांत फरक आहे. पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली, तर रात्र असो वा दिवस, मुलाला रुग्णालयात न्यावे.

श्वास फार जलद चालणे. मूल शांत असताना एक पूर्ण मिनिट घड्याळ लावून श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका असते.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, मुलाने दूध-पाणी न घेणे, फार सुस्ती किंवा झटके येणे.

खेळता-खाता अचानक ठसका लागून खोकला सुरू होणे. शेंगदाणा, फुटाणा किंवा एखादा मणी श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो.

कोणतेही औषध दिल्यानंतर वारंवार उलट्या होणे, लघवी कमी किंवा बंद होणे. अशा वेळी औषध ताबडतोब थांबवावे आणि बाटली सोबत न्यावी.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला आणि सोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ढासेनंतर श्वास आत घेताना आवाज येत असेल, तर डांग्या खोकल्याची शंका असते.

औषध द्यावेच लागले तर

• दुकानदाराला "मुलाच्या खोकल्यावर काहीतरी द्या" असे सांगू नका. तो मुलाला तपासत नाही, फक्त बाटली विकतो.

• डॉक्टरांना मुलाचे वय आणि वजन सांगा. औषध कशासाठी आहे व किती दिवस द्यायचे आहे, हे विचारून घ्या. आधीपासून सुरू असलेली सर्व औषधे त्यांना दाखवा.

• नाव आणि घटक लिहिलेले नसलेले, सुट्या बाटलीत ओतून दिलेले औषध घेऊ नका.

• बिल मागून घ्या. बाटलीवरील कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा. औषध संपेपर्यंत बिल जपून ठेवा.

• औषधासोबत मिळणाऱ्या मापानेच औषध द्या.

• मोठ्यांचे औषध कमी प्रमाणात करून मुलाला देऊ नका. एका मुलाचे औषध दुसऱ्याला देऊ नका.

• आजार बरा झाला, की उरलेले सिरप पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवू नका.

गुडगावच्या घटनेत तपास करणाऱ्यांपुढे मोठी अडचण होती ती मुलांना काय दिले गेले, हे कळण्याची. औषधाचे नाव आणि बाटली लवकर हाती येते, तेव्हा उपचारांची दिशा ठरते आणि त्याच बॅचचे औषध घेणाऱ्या इतर मुलांनाही वेळीच वाचवता येते. म्हणून औषध दिलेच, तर त्याचे नाव आणि वेळ एका वहीत लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. पुण्याच्या सासूबाईंनाही फोनवर हे समजावून सांगता येईल.

"आई, ती जुनी बाटली टाकून दिली मी. मध चाटवलाय, डोकं जरा उंच करून मांडीवर घेतलंय. श्वास मोजले, तीस भरले."

"बरं केलंस. माझं आपलं सवयीनं तोंडात आलं. आता तूही थोडी पड, नाहीतर सकाळी तुझंच डोकं दुखेल. आणि सकाळी परत मोजून मला कळव हो."

मूल आणखी काही वेळ खोकेल. आईची एखादी रात्र जागरणात जाईल. पण त्या जागरणाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून करता येते. एका चुकीच्या चमच्याची भरपाई करता येतेच असे नाही.